न झालेल्या चर्चांचा कारखाना

प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या विभागात, मशीनखाली पत्र्याचं कातरण साचतं. झाडा, पोत्यात भरा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तितकंच. आमच्या ऑफिसातल्या किश्श्यांचं तसंच आहे. एक सांगून होत नाही तोवर दुसरा पायाशी येऊन पडलेला असतो. मैत्रिणी म्हणतात, "तू रचून सांगतेस." बायांनो, रचायची एवढी अक्कल असती तर मी खरेदी विभागात नसते का?

आमची कंपनी शेंद्र्याला, जालना रोडवर. गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग बनवते. मी मूळची कन्नड तालुक्यातली. शाळा पार उत्तरेकडच्या डोंगरात, वसतिगृहात राहून, इंजिनिअरिंग जर्मनीत. तिथली नोकरी सोडून इथं सेफ्टी इंजिनिअर म्हणून आले. आपल्या भागातल्या प्रेस शॉपमध्ये माणसांची बोटं जातात आणि लोक ते "लागलं थोडं" अशा आवाजात सांगतात, हे मला सहन होत नव्हतं. वाटलं, जाऊन बदलू.

पण इथं आल्यावर माझी पहिली लढाई मशीनशी झाली नाही. ती झाली दोन इंग्रजी शब्दांशी. ॲज डिस्कस्ड!

अर्थ सरळ आहे. आपलं बोलणं झालं, त्याप्रमाणे. वापरायची अट एकच, बोलणं झालेलं असावं. जर्मनीत पहिल्याच रिपोर्टात मी हे शब्द सहज टाकले, तर आमच्या प्राध्यापकांनी खाली रेघ मारून विचारलं होतं, "कोणाशी? कधी? काय ठरलं?" आमच्या कंपनीत हे तीन प्रश्न विचारले तर अर्धे कॉम्प्युटर बंद करावे लागतील. इथं सगळे मेल इंग्रजीत जातात, आणि प्रत्येकाची सुरुवात या दोन शब्दांनी होते. आठवड्यातून एकच दिवस कोणी कोणाच्या नावावर खोटी चर्चा टाकत नाही. शुक्रवार. त्या दिवशी कंपनीला सुट्टी असते.

* * *

पहिला आठवडा. मी शॉपमध्ये फिरत होते. तीन नंबरच्या प्रेसवर साहेबराव काम करत होता. करमाडच्या पलीकडच्या खेड्यातला, चाळिशीतला माणूस. नावात साहेब आणि राव दोन्ही, अंगावर मात्र ग्रीस. प्रेसच्या तोंडाशी एक सेन्सर असतो. हात आत असला तर तो प्रेस खाली येऊ देत नाही. कामगार त्याला 'डोळा' म्हणतात. तीन नंबरचा डोळा मेला होता, आणि कोणीतरी वायर जोडून मशीनला सांगून टाकलं होतं की डोळा चांगला आहे!

"कधीपासून?" मी विचारलं.

"लई दिवस झाले, ताई," साहेबराव म्हणाला. "आता माझाच डोळा."

मी त्याच दिवशी नव्या सेन्सरची मागणी पाठवली. दुसऱ्या दिवशी खरेदी विभागाचे प्रमुख काळेसाहेब यांचा मेल आला, सगळ्यांना कॉपी. ॲज डिस्कस्ड विथ यू, तीन नंबरच्या सेन्सरची घाई नाही, पुढं बघू.

मी या काळेसाहेबांना पाहिलेलंसुद्धा नव्हतं! तरातरा वर गेले. पान चघळत एक गृहस्थ बसले होते.

"सर, आपली चर्चा कधी झाली? आपण तर भेटलोच नाही."

"मग आता भेटलो ना? बसा. चहा घेता?"

"पण तुम्ही लिहिलंय की चर्चा झाली."

"मॅडम, तुम्ही नवीन आहात," ते मायेनं म्हणाले. "आधी मेल टाकायचा, मग चर्चा करायची. चर्चा आधी केली की लोक विरोध करतात!"

* * *

स्टोअरला फारुकीभाई आहेत. शहागंजात वाढलेले, बोलायला गोड. मी त्यांच्याकडं तक्रार घेऊन गेले, तर ते हसले.

"मॅडम, वो दो लफ्ज हटाव नक्को. खिचडी में नमक है वो. उसके बिना मेल उतरताच नै गले से."

लवकरच कळलं की हे मीठ तेही खातात. माझी मागणी पुन्हा गेली. काळेसाहेबांनी लिहिलं, ॲज डिस्कस्ड विथ स्टोअर, जुना सेन्सर कपाटात शिल्लक आहे. फारुकीभाईंनी लिहिलं, ॲज डिस्कस्ड विथ परचेस, कपाट रिकामं आहे, नवीन येतोय. दोघांची चर्चा झाली होती, आणि दोघांना दोन वेगळ्या गोष्टी सांगून गेली होती!

मी दुपारी कॅन्टीनमध्ये गेले. दोघं एकाच टेबलावर. काळेसाहेबांच्या डब्यातली भाकरी नि ठेचा फारुकीभाईंच्या ताटात, फारुकीभाईंची खिचडी-खट्टा काळेसाहेबांच्या ताटात. लासूर स्टेशनला कांदा काय भावानं गेला, कोणाच्या पोराचं लग्न कुठं मोडलं, सगळं चाललेलं.

"दोघं समोरासमोर आहात," मी म्हटलं. "आत्ता विचारा ना एकमेकांना, सेन्सर आहे की नाही!"

काळेसाहेबांचा घास हातात थांबला. फारुकीभाईंनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी चपला घालून दर्ग्यात शिरले.

"मॅडम, खाते वक्त दफ्तर की बात नै करते. उसूल है हमारा."

वीस वर्षं रोज एकत्र जेवणारी माणसं! आणि उरलेला दिवस तर समोरासमोर येतच नाहीत.

* * *

शेवटी सेन्सरची ऑर्डर काढायचं ठरलं. चिकलठाण्याचे एक वयस्कर व्यापारी हा माल पुरवायचे. त्याच सुमारास ते वारले. काळेसाहेब स्वतः दहाव्याला गेले, काळा गॉगल लावून. मला बरं वाटलं. म्हटलं, माणूस आहे.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याच्या दुकानात मेल गेला. ॲज डिस्कस्ड यस्टरडे विथ युवर फादर, सेन्सरची घाई नाही, दोन महिन्यांनी पाठवला तरी चालेल.

मुलाचा फोन आला. मी शेजारीच होते, फोन स्पीकरवर होता.

"साहेब, काल तर बाबांचा दहावा होता."

"हां," काळेसाहेब म्हणाले, "मी तिथंच होतो ना!"

त्या मुलानं फोन ठेवला. 

* * *

ज्या मोठ्या कंपनीला आम्ही माल देतो, त्यांचे ऑडिटर पुण्याहून आले. बारकाईनं बघणारे. म्हणाले, "तुमच्या प्रत्येक मेलमध्ये चर्चेचा उल्लेख आहे. या चर्चांची नोंद दाखवा."

मला वाटलं, सुटलो! आता यांचा बाजार उठणार. कसला उठतो? ऑडिटर जेवायला गेले आणि तेवढ्या वेळात साऱ्या वर्षाच्या सभा पार पडल्या. कोण हजर, कोण काय बोललं, आभार कोणी मानले, सगळं टाइप होऊन फायलीत!

ऑडिटरांनी पानं उलटली आणि माझ्याकडं आदरानं पाहिलं. "मॅडम, सेन्सरची काच रोज पुसावी, ही तुमची सूचना फार प्रॅक्टिकल आहे."

मी पान पाहिलं. "सर, ही सूचना माझी नाही. या तारखेला मी नोकरीला लागले नव्हते. मी देशातच नव्हते!"

ऑडिटर काळेसाहेबांकडं वळले. काळेसाहेबांनी पापणीही हलवली नाही.

"ऑनलाइन होत्या, सर."

मी म्हटलं, ठीक आहे, चला खाली, प्रेसच दाखवते. तीन नंबरवर ताडपत्री घातलेली! वर पाटी, 'दुरुस्तीचे काम चालू'. मी ओरडून सांगत होते की सकाळपर्यंत इथं माल निघत होता, मशीन अजून गरम असेल. ऑडिटरांनी पाटीचा फोटो काढला.

"बघा, तुमच्या सूचनेवर काम सुरूसुद्धा झालंय," ते मला म्हणाले.

ऑडिटर फाटकाबाहेर पडले, ताडपत्री निघाली, साहेबराव पुन्हा स्टुलावर बसला.

* * *

मी हार मानणाऱ्यातली नाही. नोटीस बोर्डावर मोठ्या अक्षरांत कागद लावला. ॲज डिस्कस्ड लिहिणाऱ्यानं पुढं तीन गोष्टी लिहाव्यात. चर्चा कोणाशी झाली, कुठं झाली, काय ठरलं.

आमचे मोठे साहेब, म्हणजे कंपनीचे मालक, तिथून जाताना थांबले. वाचलं. म्हणाले, "गुड. शिस्त पाहिजे." आणि गेले. मला आभाळ ठेंगणं झालं.

दुसऱ्याच दिवशी काळेसाहेबांनी नियम अक्षरशः पाळला. ॲज डिस्कस्ड विथ मॅडम, इन हर केबिन, ओव्हर टी, सेन्सर पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये घ्यायचा ठरलं.

मला केबिन नाही. मी प्रेस शॉपच्या कोपऱ्यात, कुलरमागं, एका मोडक्या टेबलाशी बसते.

फारुकीभाई मुद्दाम स्टोअरमधून चालत आले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "मुबारक हो, मॅडम! केबिन मिल गई!"

* * *

प्रेसवर काम करणाऱ्यांमध्ये एक बोलायची रीत आहे. एखादा रिटायर झाला की त्याचा पगार, हुद्दा कोणी विचारत नाही. विचारतात, "पुऱ्या हातानं गेला का?" गेला असेल तर पेढे जास्त वाटतात.

एका सकाळी तीन नंबरचा आवाज मध्येच बदलला. मी धावले. साहेबराव उभा होता, पांढराफटक, उजवा हात छातीशी धरून. बोटं होती. सगळी होती. हातमोजा मात्र आत राहिला होता. हात मागं घेताना मोजा अडकला, हात निसटला. आम्ही मोजा बाहेर काढला तेव्हा तो पापडासारखा झाला होता, पाचही बोटं पसरून.

साहेबरावनं त्यावर आपला पंजा ठेवून पाहिला. मग म्हणाला, "ताई, माझ्याच मापाचा हाय."

मोजा फारुकीभाईंनी मागून घेतला. दुपारी कॅन्टीनमध्ये त्यांनी तो काळेसाहेबांच्या डब्याशेजारी ठेवला आणि शांतपणे आपली खिचडी खाऊ लागले. काळेसाहेबांनी मोजा पाहिला. डबा बंद केला. उठून गेले. 

"उसूल मोडलात तुम्ही," मी फारुकीभाईंना म्हटलं.

"कां मोडा? मैं कुछ बोला क्या? बस रखा."

यावर आमच्या एचआरनं जी तत्परता दाखवली तिला तोड नाही. सेन्सर नाही आला. कागद आला. गुरुवारी साहेबरावच्या हातात इंग्रजीतला कागद दिला गेला. ॲज डिस्कस्ड विथ द ऑपरेटर, सेन्सरशिवाय काम करण्यातला धोका मला समजावून सांगण्यात आला असून मी स्वतःच्या जबाबदारीवर प्रेस चालवीन. खाली सहीला जागा. शनिवारी सही करून आणायची, नाहीतर फाटकातून आत यायचं नाही!

मी त्याला अर्थ सांगितला. त्यानं कागद घडी घालून खिशात ठेवला.

* * *

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, दुपारी मी त्याच्या घरी गेले. मला भीती होती की तो सही करेल. मुलगी शहरात शिकते, तिचा खर्च आहे. दुसरी नोकरी या वयात कोण देणार? त्याच्या बायकोनं चहा दिला. कागद देवळीत ठेवला होता, पेनसुद्धा शेजारी.

"सही करू नका," मी म्हटलं. "त्या कागदावर सही म्हणजे उद्या बोट गेलं तर चूक तुमची."

"ते कळतंय मला, ताई."

"मग?"

"मग काय? मी म्हणतो, यांनी मला बोलवायचं, दोन शब्द बोलायचं. 'साहेबराव, असं असं हाय, तुझं काय म्हणणं?' मग मी बी बोललो असतो. हितं लिवलंय चर्चा झाली. अन् चर्चेत मला बोलूच दिलं नाय!"

त्याची बायको चुलीपुढून म्हणाली, "सही केली तर नोकरी ऱ्हाईल. नाय केली तर हात ऱ्हाईल. चर्चा कशाची करायची त्याच्यात?"

 मी फक्त इतकंच म्हटलं, "उद्या सकाळी मी मोठ्या साहेबांशी बोलते. खरंखुरं. तोंडानं."

* * *

शनिवारी सकाळी मी फाटकापाशी उभी राहिले. साहेबराव बाहेर, सही न केलेला कागद हातात घेऊन. वॉचमन त्याला आत सोडत नव्हता. मोठ्या साहेबांची गाडी आली तशी मी सरळ पुढं जाऊन उभी राहिले. काच खाली आली.

मी सगळं सांगितलं. सेन्सर, वायर, मोजा, कागद. त्यांनी नीट ऐकलं. फाटकाबाहेर उभ्या साहेबरावकडं पाहिलंसुद्धा.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "सेन्सर मागवून घ्या. तोपर्यंत तीन नंबर बंद ठेवा. सही-बिही काही नको. मेल टाका."

मी पळत टेबलाशी गेले. आणि या कंपनीच्या इतिहासात बहुधा पहिल्यांदा कोणीतरी ते दोन शब्द खरे म्हणून लिहिले. ॲज डिस्कस्ड विथ यू धिस मॉर्निंग ॲट द गेट. कोणाशी, कधी, कुठं, काय ठरलं, सगळं. माझ्या प्राध्यापकांनी फ्रेम करून लावला असता असा मेल! सगळ्यांना कॉपी.

चहाच्या सुट्टीपर्यंत मोठ्या साहेबांचं उत्तर आलं. तेही सगळ्यांना कॉपी.

"डिस्कस्ड? व्हेन?"

 इतकी वर्षं मेलेल्या माणसांशी, परदेशातल्या माणसांशी, नसलेल्या केबिनमध्ये झालेल्या चर्चा इथं बिनबोभाट पास झाल्या होत्या. मोठ्या साहेबांनी कोणाला कधी 'केव्हा' विचारलं नव्हतं. मला विचारलं! लोक कुलरमागं माझं तोंड बघायला येऊन गेले. एचआरनं वॉचमनला फोन करून सांगितलं, कागदावर सही नसेल तर त्या माणसाला घरी जाऊ दे. खिडकीतून मला साहेबराव दिसत होता. तो अजून उभाच होता.

तेवढ्यात कॉम्प्युटर पुन्हा वाजला. काळेसाहेब. सगळ्यांना कॉपी.

सर, ॲज डिस्कस्ड इन यस्टरडेज मीटिंग, मोठे साहेब, मॅडम, फारुकीभाई आणि ऑपरेटर साहेबराव हे सर्व हजर असताना, साहेबराव यांनी आपलं म्हणणं सविस्तर मांडलं. ते सर्वांना पटलं. त्याप्रमाणे सेन्सरची ऑर्डर आत्ताच काढली आहे, गाडी माल आणायला चिकलठाण्याला गेली आहे. सेन्सर बसेपर्यंत तीन नंबर बंद. कागद रद्द.

मी खुर्चीतून अर्धी उठले. वर जाऊन भांडावं की इथंच बसावं, कळेना. फारुकीभाई दारात उभे होते, ओठांवर बोट ठेवून.

मोठ्या साहेबांचं उत्तर यायला वेळ लागला नाही.

"येस, येस. आय रिमेंबर. गुड मीटिंग. गो अहेड."

मी फाटकाकडं धावले. वॉचमननं साहेबरावला आत घेतलं होतं. मी धापा टाकत त्याला सगळं सांगितलं, मेलमध्ये काय लिहिलंय तेही. त्यानं ते पूर्ण ऐकून घेतलं. हातातला कागद चार घड्या घालून वॉचमनच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. शॉपकडं चालू लागला, आणि मध्येच थांबला.

"ताई," तो म्हणाला, "काल मी काय काय बोललो म्हणं?"